टाक्यांनंतरचे दिवस : पापणी व चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरताना

पापणी आणि चेहरा यांवरील शस्त्रक्रिया म्हटले की बहुतेकांच्या मनात सौंदर्यासाठी केलेल्या खर्चिक उपचारांचे चित्र उभे राहते. पण या एका नावाखाली किती निरनिराळी दुखणी एकत्र येतात, हे मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसले तरी कळते. वयामुळे वरच्या पापणीची कातडी सैल होऊन बाहुलीवर आल्याने भुवया ताणून वाचणारे निवृत्त शिक्षक, जन्मतःच एक पापणी पडलेली असलेले मूल, दुचाकीच्या अपघातात गालाचे हाड किंवा जबडा मोडलेला तरुण, नाकाच्या मुळाशी असलेली अश्रुपिशवी तुंबल्याने वर्षानुवर्षे पदराने डोळा टिपत राहिलेली गृहिणी, पापणीच्या कडेवरची गाठ कर्करोगाची निघाल्याने पापणीचा काही भाग गमावलेली वृद्धा, चेहऱ्याच्या पक्षाघाताने डोळा मिटेनासा झालेला मजूर आणि ओघळलेले गाल व गळा वर ओढून घेऊ इच्छिणारी मध्यमवयीन व्यक्ती, अशी ही मांडणी आहे. या सर्वांचे आजार वेगळे, शस्त्रक्रियेची कारणे वेगळी आणि खर्चाची ऐपतही वेगळी. मात्र एक गोष्ट सर्वांच्या वाट्याला सारखीच येते, ती ही की शस्त्रक्रिया एक ते चार तासांत उरकते आणि भरून येण्याचे काम पुढे कित्येक महिने चालते. शरीरावरील इतर जखमा कपड्याखाली भरतात, चेहऱ्याची जखम मात्र घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि आरशाच्या देखत भरते.

या दीर्घ काळाविषयी मराठीत सलगपणे लिहिलेले फारसे आढळत नाही. शस्त्रक्रियेच्या तंत्राविषयीचे ग्रंथ शल्यविशारदांसाठी असतात, जाहिरातींत शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि शेवटचे अशी दोनच छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात, आणि रुग्णाच्या हाती घरी जाताना पडतो तो बहुधा इंग्रजीतील अर्ध्या पानाचा कागद. त्या दोन छायाचित्रांच्या मधला जो काळ, तोच रुग्णाला प्रत्यक्ष जगायचा असतो. सूज, काळेनिळेपणा, बधिरपणा, ओढल्यासारखी वाटणारी कातडी, दोन्ही बाजूंत दिसणारा फरक यांपैकी बहुतेक गोष्टी अपेक्षित असतात आणि ठरावीक क्रमाने ओसरतात. थोड्याच गोष्टी अशा असतात की ज्यांच्यासाठी मध्यरात्री रुग्णालय गाठावे लागते. हा फरक ज्याला आधीपासून ठाऊक आहे तो रुग्ण कमी घाबरतो, आणि खरोखर घाबरण्यासारखे काही घडलेच तर वेळ दवडत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा सारा प्रपंच या एका फरकासाठी आहे.

जखम झालेल्या माणसाची शुश्रूषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कापलेले नाक गालाच्या त्वचेपासून नव्याने घडवण्याची कृती आलेली आहे आणि तिचा उल्लेख प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात होतो. परंतु त्यानंतर अवघ्या तीन अध्यायांनी येणाऱ्या ‘व्रणितोपासनीय’ या एकोणिसाव्या अध्यायाकडे तितके लक्ष गेलेले नाही. व्रणित म्हणजे जखमी मनुष्य आणि उपासना म्हणजे त्याच्यापाशी राहून केलेली सेवा. रुग्णाची खोली कशी असावी, वारा व ऊन यांपासून तिचे रक्षण कसे करावे, अंथरूण कसे असावे, दिवसा झोपणे का टाळावे, काय खावे आणि काय वर्ज्य करावे, इतकेच नव्हे तर गोड बोलणाऱ्या स्नेह्यांनी गोष्टी सांगून त्याचे मन रमवावे, इथपर्यंतचा विचार त्यात आहे. याच संहितेच्या उत्तरतंत्र या भागात, पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागणाऱ्या ‘पक्ष्मकोप’ या विकारावर पापणीच्या कातडीतून जवाच्या दाण्याच्या आकाराची पट्टी काढून टाके घालण्याची कृती सांगितली आहे. आजही वरच्या पापणीवर छेद घेण्यापूर्वी शाईने जी आकृती आखली जाते ती या वर्णनापासून फार दूरची नाही.

याच परंपरेचा एक धागा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात उघड झाला, आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा युरोपातील प्रवास त्यानंतर वेगाने सुरू झाला. इंग्रजी सैन्याबरोबर बैलांचा तांडा हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला १७९२च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैनिकांनी पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकिलाच्या आश्रयाने पुण्यात राहणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात तो वृत्तान्त छापून आला.

हा वृत्तान्त बारकाईने वाचला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मेणाचा साचा कपाळावर पसरून कातडी कशी आखली याचे वर्णन त्यात आहेच, पण जवळपास तितकीच जागा त्यानंतरच्या दिवसांना दिलेली आहे. जोडलेल्या कातडीच्या कडांवर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या बसवल्या, चार दिवस दुसरे काही लावले नाही, त्यानंतर तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्या, रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवले, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घातले आणि कपाळाशी असलेला कातडीचा दुवा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला. त्या कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही ही खेदाची गोष्ट आहे. मात्र त्याचे वेळापत्रक टिकले. कातडीला नव्या जागी स्वतःचा रक्तपुरवठा मिळेपर्यंत तो दुवा तोडता येत नाही हे त्याला अनुभवाने माहीत होते, आणि आजही कपाळाची कातडी नाकासाठी वापरली जाते तेव्हा शल्यविशारद सुमारे तीन आठवडे थांबतात. जोसेफ कार्प्यू यांनी हा वृत्तान्त वाचून प्रेतांवर सराव केला, १८१४मध्ये लंडनला पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपने पुण्याकडून छेद शिकला तसे थांबणेही शिकले, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

त्याच १७९४ साली जॉन हंटर या शल्यवैद्याचा रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. दाह म्हणजे जखमेभोवती येणारी लाली, ऊब, सूज आणि वेदना. हा दाह स्वतः आजार नसून इजेला शरीराने दिलेले हितकारक उत्तर आहे, हे हंटरचे प्रतिपादन रुग्णाच्या दृष्टीने आजही सर्वांत उपयोगी आहे. पेशींचे विज्ञान नंतर विकसित झाले आणि त्याने या उत्तराचे टप्पे दाखवून दिले. प्रथम रक्त गोठते. पुढचे चार-पाच दिवस पांढऱ्या पेशी मृत ऊतक व जंतू साफ करतात आणि याच काळात सूज असते. त्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात. आणि मग वर्षभर हे धागे पुन्हा पुन्हा मोडून, नीट रचून व्रण मऊ व फिकट केला जातो. टाके निघतात तेव्हा जखमेची ताकद मूळ त्वचेच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नसते, आणि तीन महिन्यांनी ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. टाके निघाले म्हणजे जखम बरी झाली, हा समज म्हणूनच सोडावा लागतो.

पापणीच्या शस्त्रक्रियेला शास्त्रीय नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जर्मन शल्यवैद्य कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफ यांच्याकडून. त्यांचा उद्देश गमावलेली पापणी पुन्हा घडवणे हा होता, सौंदर्य हा नव्हे. पहिल्या महायुद्धाने या शाखेचे रूपच पालटले. खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झाले, आणि १९१७मध्ये इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरल्ड गिलीज यांच्या नेतृत्वाखाली खास त्यांच्यासाठी रुग्णालय उभे राहिले. जटलंडच्या नाविक लढाईत वरच्या व खालच्या पापण्या गमावलेला वॉल्टर येओ हा तेथील सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक होता. गिलीज यांची पद्धत टप्प्याटप्प्याने चालणारी होती. एका शस्त्रक्रियेनंतर ऊतक पूर्ण स्थिरावल्याशिवाय पुढची करायची नाही, यामुळे रुग्ण महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे रुग्णालयात राहत. तेथील वॉर्डांत आरसे ठेवू दिले जात नसत. अपुऱ्या अवस्थेतील चेहरा पाहून माणूस खचतो हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते. पण आरसा काढून घेणे हा आजच्या काळात मार्ग होऊ शकत नाही, आरशात काय दिसेल आणि का दिसेल हे आधी सांगणे हाच होऊ शकतो.

सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा प्रवाह याच सुमारास वेगळा वाहू लागला होता. पॅरिसमधील सुझान नोएल यांनी १९२६मध्ये या शस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेवर पुस्तक लिहिले आणि वय दिसू लागल्याने नोकरी गमावण्याची वेळ आलेल्या स्त्रियांच्या बाजूने ठामपणे मत मांडले. पुढे पापणीच्या बाबतीत दोन विचारधारा स्पष्ट झाल्या. १९५१मध्ये साल्वादोर कास्तान्यारेस यांनी डोळ्याभोवतीच्या चरबीचे कप्पे नेमके दाखवून दिल्यानंतर जादा कातडी व चरबी काढून टाकण्याकडे बराच काळ कल होता. त्यातून काहींचे डोळे खोल गेलेले दिसू लागले, काहींची खालची पापणी बाहेर ओढली जाऊ लागली, आणि म्हणून पुढच्या पिढीने चरबी शक्यतो न काढता तिची जागा बदलण्याचा आणि कातडी राखण्याचा मार्ग धरला. चेहऱ्याच्या बाबतीतही केवळ कातडी ताणण्यापासून सुरुवात झाली. १९७६मध्ये मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी कातडीखालील तंतुमय थराचे वर्णन केल्यावर ताण कातडीवर न देता त्या खोलच्या थरावर देण्याची पद्धत रूढ झाली. रुग्णाला या मतभेदांत पडण्याचे कारण नाही, पण कोणत्या थरात काम झाले यावर सूज किती खोल व किती दिवस राहील हे ठरते, आणि म्हणून शेजारणीची सूज दहा दिवसांत उतरली मग आपली का नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच सापडते.

जखमेची निगा या विषयातही एक जुना वाद आहे, आणि तो मराठी भाषेतच दडलेला आहे. ‘जखम सुकली’ म्हणजे बरी झाली, असे मराठी माणूस सहज म्हणतो, आणि खपली धरणे हे त्याला शुभलक्षण वाटते. १९६२मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, कोरड्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने पसरते, कारण कोरड्या खपलीखालून पेशींना खोलवर वाट काढावी लागते. डॉक्टरांनी दिलेले मलम टाक्यांवर पातळ थरात लावत राहण्याची सूचना या तत्त्वावर आधारलेली आहे. जखम सुकावी म्हणून मलम पुसून तिथे पावडर, हळद किंवा टूथपेस्ट लावणे हे प्रेमापोटी केले जाते, पण पापणीच्या कडेवर ते डोळ्यात जाते आणि बुबुळावरील पारदर्शक पटलाला इजा करू शकते. कावसजीच्या जखमेवर तुपाच्या घड्या ठेवणाऱ्या कारागिराला ओलाव्याचे हे महत्त्व ठाऊक असावे, असे मानण्याचा मोह आवरत नाही.

स्वतंत्र भारतात या शाखेचा पाया ज्या ठिकाणी घातला गेला त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. नोशीर अंतिया यांनी टाटा विभाग नावारूपाला आणला आणि कुष्ठरुग्णांचे चेहरे व हात पुन्हा घडवण्याचे काम आयुष्यभर केले. कुष्ठरोगात चेहऱ्याची मज्जा निकामी झाली की डोळा मिटत नाही, उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून जखमी होते आणि शेवटी दृष्टी जाते. यावर कानशिलातील चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांभोवती वळवण्याची शस्त्रक्रिया केली जाते. ही शस्त्रक्रिया झाली तरी डोळा आपोआप मिटत नाही. टाके भरल्यावर रुग्णाला दात आवळून डोळा मिटण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते, आरशासमोर दिवसातून अनेकदा तो सराव करावा लागतो, आणि काही महिन्यांनी ही हालचाल अंगवळणी पडते. सावरणे हे केवळ पडून राहणे नसून शिकणे आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते आणि तिच्याखाली चरबीचा आधार जवळजवळ नसतो. त्यामुळे थोडे पाणी किंवा रक्त साचले तरी ती फुग्यासारखी टरारते. त्याच भागाला रक्तपुरवठा मात्र भरपूर असल्याने जखम लवकर भरते आणि जंतुसंसर्ग क्वचित होतो. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की पहिल्या पंधरवड्याचा उलगडा होतो. सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक असते, आणि काल बरे दिसत होते ते आज बिघडले, या समजुतीने याच दिवशी सर्वाधिक रुग्ण धास्तावतात. काळेनिळे डाग गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतात, म्हणून शस्त्रक्रिया पापणीवर झालेली असूनही गाल आणि गळाही निळा दिसू लागतो. साचलेल्या रक्तातील रंगद्रव्याचे विघटन होताना तो डाग जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत दहा ते चौदा दिवसांत मावळतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल भडक डाग दिसला तर तो दोन-तीन आठवडे राहू शकतो आणि दृष्टीला अपाय करत नाही. मलमामुळे धूसर दिसणे, डोळ्यांतून पाणी येणे, उलट डोळा कोरडा वाटणे, झोपेत पापणी पूर्ण न मिटणे, हे सारे या काळातले आहे. टाके बहुधा पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. एकाच बाजूची पापणी उचलली असेल तर दुसरी बाजू पूर्वीपेक्षा खाली आल्यासारखी वाटू शकते, कारण मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच आदेश धाडतो आणि आजारी बाजूसाठी लावलेला जादा जोर आता कमी झालेला असतो. याला हेरिंगचा नियम म्हणतात, आणि यात दुसऱ्या डोळ्याला नवा आजार जडलेला नसतो.

पहिले दोन दिवस थंड घड्या, उशी उंच करून डोके तीस ते पंचेचाळीस अंशांवर ठेवणे, वाकणे व ओझे उचलणे टाळणे, या सूचनांमागचे कारण एकच आहे, की चेहऱ्यातील रक्तदाब वाढू देऊ नये. हे कारण समजले की कागदावर न लिहिलेल्या गोष्टीही आपोआप कळतात. केर काढणे, फरशी पुसणे, साष्टांग नमस्कार, शीर्षासन, कपालभाती, शौचाला जोर करणे, या सर्वांना तोच नियम लागू पडतो. इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध या दिवसांत डोळ्याच्या औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, कारण बधिर झालेल्या कातडीला भाजल्याचे कळत नाही. रक्तदाबाची गोळी चुकवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत आणि सुरूही करू नयेत, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून घ्यायचा असतो. निकोटीन रक्तवाहिन्या आवळते आणि कातडी मरू शकते, हे सिगारेटबाबत सांगितले जाते. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांतही तेच निकोटीन असते, हे तितक्याच स्पष्टपणे सांगणे महाराष्ट्रात आवश्यक आहे, कारण मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आपण तंबाखू खात नाही असे प्रामाणिकपणे सांगतात.

मोठ्या धोक्याची खूण वेगळी आहे आणि ती वेगळीच लक्षात ठेवावी लागते. डोळ्यामागे रक्तस्राव झाला तर एकाच बाजूला झपाट्याने वाढणारी सूज येते, गोळीने न दबणारी कळ उठते, डोळा पुढे आल्यासारखा व कडक लागतो आणि दिसणे कमी होते. असा रक्तस्राव सुमारे दोन हजार रुग्णांमागे एखाद्यालाच होतो, तोही बहुधा पहिल्या चोवीस तासांत. पण दृष्टीच्या मज्जेवरचा हा दाब तास-दोन तासांत उतरवला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून डोळ्यांवर जाड पट्टी बांधून ठेवण्याची जुनी रीत बहुतेक शल्यविशारदांनी सोडली आहे, आणि म्हणूनच मलम पुसून प्रत्येक डोळ्याने वेगवेगळी बोटे मोजून पाहण्याचा सोपा प्रयोग पहिल्या रात्री काही वेळा करावा असे सुचवले जाते. चेहरा वर ओढण्याच्या शस्त्रक्रियेत याच काळात गालाखाली रक्तगाठ साचू शकते. पुरुषांत व रक्तदाब असलेल्यांत तिचे प्रमाण अधिक आढळते.

चेहऱ्याच्या इतर शस्त्रक्रियांचे वेळापत्रक यापेक्षा लांब असते. कानाभोवतीचा बधिरपणा कित्येक महिने टिकतो, आणि रोज दाढी करणाऱ्याने किंवा कानात जड डूल घालणाऱ्या स्त्रीने तो लक्षात ठेवलेला बरा. नाकाची सूज, विशेषतः शेंड्याची, वर्षभर हळूहळू उतरत राहते आणि चष्म्याचा भार काही आठवडे नाकावर टाकता येत नाही. डोळ्याखालचे हाड मोडले असल्यास नाक शिंकरणे दोन-तीन आठवडे वर्ज्य असते, कारण शिंकरताना सायनसमधील हवा डोळ्याभोवती शिरते. जबडा तारांनी बांधला असेल तर चार ते सहा आठवडे पेज, सार, ताक, गाळलेले वरण यांवर काढावे लागतात, आणि उलटी झाल्यास तार कापण्याची कात्री उशाशी असावी लागते.

गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेचा प्रश्न इथे मुद्दाम मांडायला हवा, कारण बरीचशी इंग्रजी पुस्तके गोऱ्या त्वचेवरून लिहिलेली आहेत. त्या पुस्तकांत लाली ही संसर्गाची पहिली खूण सांगितलेली असते. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तेथे ऊब, दुखरेपणा आणि वाढणारा कडकपणा हाताने तपासावा लागतो. उलट व्रणाभोवतीचा काळसरपणा आपल्याकडे अधिक काळ राहतो आणि उन्हाने वाढतो, म्हणून वर्षभर ऊन टाळणे ही सल्ल्यातील दुय्यम ओळ राहत नाही. जाड, लाल आणि खाजणारे व्रण पापणीवर फार क्वचित होतात. कानामागे व जबड्याच्या कडेला मात्र त्यांची शक्यता धरावी लागते, आणि ते सुरुवातीलाच दाखवले तर सिलिकॉन जेल किंवा इंजेक्शनने आटोक्यात येतात.

मनाचे वेळापत्रक शरीराहून वेगळे असते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, वेदना कमी झालेल्या असताना, अनेकांना अकारण रडू येते, आपण हे का करून घेतले असे वाटते, आणि हे जसे सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया केलेल्यांना वाटते तसेच कर्करोगासाठी केलेल्यांनाही वाटते. अशा वेळी घरात येणारी भेटीची मंडळी फार महत्त्वाची ठरतात. ‘अगंबाई, केवढी सूज ही!’ हे वाक्य मायेने उच्चारलेले असले तरी ऐकणारीच्या रात्रीची झोप नेते. सुश्रुताने गोड बोलणाऱ्या स्नेह्यांना औषधांच्या मालिकेत बसवले, त्याचे मोल अशा घरात कळते. ही उदासी बहुधा दोन-तीन आठवड्यांत निवळते. ती टिकली, किंवा चेहरा सावरूनही त्यातील एखादा बारीक दोष मनातून जाईना, तर मनोविकारतज्ज्ञाची मदत घेणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

हा विषय आजच मराठीत मांडण्याची निकड दोन गोष्टींमुळे निर्माण झाली आहे. पूर्वी ज्या शस्त्रक्रियांसाठी आठवडाभर वॉर्डात राहावे लागे त्यांतील बऱ्याच शस्त्रक्रियांचे रुग्ण आता संध्याकाळी घरी परततात; भूल सुधारली, खर्च वाचला, परंतु ज्या पहिल्या रात्री परिचारिका दर तासाला डोकावून जात असे ती रात्र आता सून, मुलगा किंवा वयस्क जोडीदार यांच्या हवाली झाली आहे. दुसरे म्हणजे भ्रमणध्वनीचा कॅमेरा. हातभर अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षाहून मोठे आणि कान लहान दिसतात, आणि सुजलेल्या चेहऱ्याची अशी छायाचित्रे दर काही तासांनी काढून न्याहाळणारा रुग्ण स्वतःच्या भरून येण्याकडे विकृत भिंगातून पाहत राहतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात, दुसऱ्याने लांबून काढलेले छायाचित्र ठेवले तर तेच साधन दिलासा देते.

प्रस्तुत पुस्तक शस्त्रक्रिया करावी की करू नये हे सांगत नाही, आणि कोणत्याही रुग्णाला त्याच्या शल्यविशारदाने दिलेल्या सूचनांची जागा घेत नाही. दोहोंत फरक आढळला तर शल्यविशारदाचे ऐकावे, कारण आत काय केले ते त्यालाच ठाऊक असते. पुस्तकाची रचना अवयवांनुसार नसून दिवसांनुसार आहे, पहिली रात्र, पहिला आठवडा, टाके निघाल्यानंतरचे दिवस, सहावा आठवडा आणि वर्ष अशी, कारण वाचणाऱ्याच्या मनात त्या घडीला ‘आज हे असायला हवे का’ हा एकच प्रश्न असतो. मधुमेही, कुष्ठरोगातून बरे झालेले आणि लहान मुले यांच्यासाठी काळजी जेथे बदलते तेथे ती वेगळी नोंदवलेली आहे. शक्य तेथे घरातली भाषा वापरली आहे, आणि तांत्रिक संज्ञा आली तर ती त्याच ठिकाणी उलगडली आहे, जेणेकरून डॉक्टरांच्या तोंडी ती ऐकताना परकी वाटू नये.

एका गोष्टीमुळे या पुस्तकाच्या मांडणीत बराच बदल करावा लागला. पापणीची शस्त्रक्रिया झालेला माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांत वाचू शकत नाही; डोळ्यांत मलम असते, पापण्या सुजलेल्या असतात. म्हणून पहिल्या रात्रीचे प्रकरण रुग्णाला उद्देशून न लिहिता त्याच्या उशाशी बसणाऱ्याला उद्देशून लिहिले आहे, ते मोठ्या ठशात छापले आहे, आणि त्याच्या शेवटच्या पानावर रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यासाठी जागा सोडलेली आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीच ती जागा भरून ठेवावी.